रबरी ठसे आणि हातची कार्डं: खर्च नेमका कुठे वाचतो?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. ४० कार्डं करायची आहेत, सगळी ए६ आकाराची आणि लिफाफ्यांसकट. हाताशी आहे ते असं: पारदर्शक ठशांचे दोन संच, काळा आणि निळा असे दोन इंकपॅड (दोन्हींवर नुसतं 'डाय इंक', म्हणजे पाण्यात विरघळणारी शाई, एवढंच लिहिलंय), रंगीत पेन्सिली, कटर, स्टीलची पट्टी. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) नाही, डाय-कटिंग मशीन (साच्याने आकार कापणारं) नाही, ठसा नेमक्या जागी बसवायचं यंत्र नाही, ॲक्रिलिक ब्लॉकसुद्धा (पारदर्शक ठसा चिकटवून धरायचा ठोकळा) नाही. शक्यतो यातलं काही विकत घ्यायचं नाही.

विचारायचं हे: कागद कमीत कमी वाया जाईल असा कसा कापायचा? दोन शायांमधून जास्त छटा कशा काढायच्या? ब्लॉकऐवजी काय चालेल? हीट गनशिवाय एम्बॉसिंग (ओल्या शाईवर पावडर टाकून ती तापवून वितळवायची, म्हणजे ठसा उठावदार होतो) होतं का? लिफाफे घरी करायचे तर माप काय धरायचं?

'कल्पकता वापरा' छापाची उत्तरं कृपया नकोत. मिलिमीटर सांगा.

---

घडीवाली

कागदापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

पायासाठी २२० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद लागतो. २०० च्या खाली गेलात तर कार्ड उभं राहत नाही, वरच्या थरांच्या वजनाने पुढे कलतं. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. त्यातून ए६ची दोन कार्डं निघतात, म्हणजे ४० कार्डांना २० कागद. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण कापायच्या दोन पद्धती आहेत आणि त्या सारख्या नाहीत.

पहिली: कागद आडवा कापा, २१० × १४८.५ चे दोन तुकडे होतील. प्रत्येकाला १०५ वर घडी. दुसरी: कागद उभा चिरा, १०५ × २९७ च्या दोन पट्ट्या होतील. प्रत्येकीला १४८.५ वर घडी. क्षेत्रफळ तेवढंच, वाया काहीच नाही, पण घडी वेगळी पडते. बहुतेक ए४ कागदांत तंतू लांबीच्या दिशेने धावतात. पहिल्या पद्धतीत घडी तंतूंना समांतर जाते, म्हणून स्वच्छ बसते. दुसऱ्या पद्धतीत ती तंतूंना आडवी जाते, तंतू तुटतात आणि घडीवर पांढरी भेग दिसते. गडद रंगाच्या कागदावर तर ती लांबूनही दिसते. मग लोक कागदाला नावं ठेवतात आणि महागडा कागद आणतात.

तंतूंची दिशा ओळखायला कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने कमी विरोध होतो, त्या वाकाची रेघ तंतूंना समांतर असते. खात्री नसेल तर कोपऱ्यातला चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो वळून नळी होतो, त्या नळीचा अक्ष म्हणजे तंतूंची दिशा. एखाद्या गठ्ठ्यात ती आखूड बाजूला समांतर निघाली तर दुसरी पद्धत वापरा.

घडीआधी रेघ दाबून घ्यायची. त्याला हाडाची पट्टी लागत नाही, शाई संपलेलं बॉलपेन उत्तम. पट्टी धरून दोनदा ओढा, दाबून चिरू नका. आता इथे निम्मे लोक चुकतात: दाबलेली खाच घडीच्या बाहेर यायला हवी आणि मागे उठलेला उंचवटा आत. उलट दुमडलं तर बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात आणि कागद फाटतो. मग चमच्याच्या पाठीने घडी बसवा, पण मध्ये एक साधा कागद ठेवून, नाहीतर घडीवर चकाकता पट्टा उमटतो.

आता थर. १०५ × १४८ च्या पायावर ९९ × १४२ चा रंगीत थर बसतो, कडेला साधारण ३ मिमी दिसतो. त्यावर ९३ × १३६ चा ठसे उमटवलेला पांढरा थर. या रंगीत थराचं मधलं पोट कुणालाच दिसत नाही. ते कापून काढा. कडेपासून १२ मिमी आत चौकट आखली की ७५ × ११८ चा अखंड तुकडा मोकळा होतो. तो दुसऱ्या रंगाच्या कार्डावर थर म्हणून वापरायचा आणि त्यावर ६९ × ११२ चा पांढरा तुकडा. ए४मधून ९९ × १४२ चे ४ थर निघतात, म्हणजे २० कार्डांना ५ कागद. त्यांची पोटं उरलेल्या २० कार्डांना पुरतात. एरवी १० कागद लागले असते. पांढऱ्यातही वाचतं: ९३ × १३६ चे ए४मधून ४ तुकडे होतात, ६९ × ११२ चे ७ (तीनच्या दोन ओळी, आणि उरलेल्या ७३ मिमीच्या पट्टीतून एक आडवा).

यात काय बिघडतं? वरचा पांढरा कागद ८० जीएसएमचा असला तर पोकळ चौकटीची आतली कड खालून उठून दिसते. तिथे १६० किंवा त्याहून जाड हवा. डबल टेप फक्त चौकटीवर लावा, मधल्या पोकळीत नको, नाहीतर वरचा थर मधोमध खड्ड्यासारखा ओढला जातो. आणि पोट कापताना चारही कोपऱ्यांतून सुरुवात करून मध्यावर संपवा. कोपऱ्यात येऊन थांबायला गेलं की कटर पुढे घसरतो आणि चौकटच जाते.

गोंदावर मात्र काटकसर करू नका. पांढरा पातळ गोंद सगळीकडे फासला की त्यातल्या पाण्याने तंतू फुगतात, कागद लाटा घेतो आणि वाळल्यावरही सरळ होत नाही. टेप परवडत नसेल तर गोंदाचे मोहरीएवढे ठिपके, कडेपासून ५ मिमी आत, आणि अर्धा तास जड पुस्तकाखाली.

---

शाईबोटे

घडीवालींनी कागद निकालात काढला, मी शाईचं सांगतो.

दोन पॅड म्हणजे दोन रंग नव्हेत. निळ्याला शाई लावलेला ठसा आधी रद्दी कागदावर एकदा उमटवा आणि मग कार्डावर. फिकट निळा मिळतो. रद्दीवर दोनदा उमटवून तिसरा ठसा कार्डावर घेतला तर अगदी पुसट, पार्श्वभूमीला छान. म्हणजे एका पॅडमधून तीन छटा. एकाच पानाचे किंवा फुलाचे तीन ठसे तीन छटांत एकमेकांशेजारी आले की खोलीचा भास होतो. भरीव ठशांवर हे चांगलं जमतं, बारीक रेषांच्या ठशांवर तिसऱ्या खेपेला रेषा तुटतात.

दुसरी युक्ती: पाण्याच्या शाईचे स्केचपेन. मुलांचे साधे चालतात. ठशाच्या रबरावर थेट रंगवा, पाकळ्या एका रंगाने, देठ दुसऱ्या. फिकट रंग आधी, गडद नंतर, म्हणजे पेनाचं टोक मळत नाही. रंगवेपर्यंत पहिला रंग वाळतो, म्हणून उमटवण्याआधी ठशावर तोंडाची वाफ सोडायची, आरसा पुसताना सोडतो तशी. वाफ सोडली की लगेच दाबा. वाफ जास्त झाली तर कडा फुटतात. अल्कोहोलवाले मार्कर इथे नकोत, कागदाला टेकण्याआधीच वाळतात आणि पारदर्शक ठशांवर कायमचे डाग ठेवतात.

तिसरी: पॅड उलटा करून प्लॅस्टिकच्या झाकणावर दाबा, शाईचा ठिपका पडेल. त्यात ओल्या ब्रशने पाणी घालून जलरंगासारखं वापरा. उरलेल्या शाईवर पाणी शिंपडून त्यात कागद बुडवला की ढगाळ पार्श्वभूमी तयार. कार्डस्टॉक २५० जीएसएमचा असला तरी जलरंगाचा कागद नसेल तर दोन हातांपेक्षा जास्त पाणी देऊ नका, पृष्ठभागाचा भुगा निघायला लागतो.

पॅड फिका पडला म्हणजे संपला असं नाही. त्याच कंपनीची, त्याच नावाची शाईची बाटली घ्या. नव्या पॅडपेक्षा ती कितीतरी जास्त वेळ पुरते. १० ते १२ थेंब ओळीने टाका, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने पसरा, १० मिनिटं मुरू द्या, मग रद्दीवर चाचणी. ठशातल्या बारीक फटी भरून येत असतील तर शाई जास्त झाली, टिश्यू कागद पॅडवर पसरून हाताने दाबा आणि उचला. नमद्याचे पॅड उलटे ठेवले की शाई वरच्या अंगाला राहते. झाकण घट्ट बसत असेल तरच, हे सांगायला नको.

वाळलेल्या डाय पॅडला जिवंत करायला ग्लिसरीनचे ३-४ थेंब आणि तेवढंच शुद्ध पाणी चालतं. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं म्हणून. पण हातचं राखून टाका, जास्त झालं तर ठसा तासन्‌तास वाळत नाही. पिगमेंट किंवा सॉल्व्हंट (पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकातल्या) शाईच्या पॅडवर हा प्रयोग करू नये. पिगमेंट शाईत रंगाचे कण तरंगत असतात, पाण्याने तिचं संतुलन बिघडतं. सॉल्व्हंट शाईत तर पाणी मिसळतच नाही.

आणि एक ठिकाण जिथे पैसे टाकायलाच हवेत: काळी शाई. तुमचा काळा डाय इंकचा आहे. वरून पाण्याचे रंग लावले की रेषा विरघळून सगळं राखाडी होईल. पाण्याला दाद न देणारा एक काळा पॅड घ्या, बाकी काही घेऊ नका. तोवर फक्त रंगीत पेन्सिली वापरा, त्या डायवर बिनधास्त चालतात. पेन्सिलीचा रंग गुळगुळीत हवा असेल तर कागदाची घट्ट सुरळी करून तिचं टोक बेबी ऑइलला टेकवा, बुडवू नका, टिश्यूवर पुसा आणि रंग घासा. तेल जास्त झालं तर रेषेबाहेर पारदर्शक डाग पसरतो, त्याला उपाय नाही.

---

खोडरबर

ठशांबद्दल.

ब्लॉक म्हणजे सपाट, पारदर्शक, न वाकणारी वस्तू. सीडीच्या डबीचं झाकण, फोटोफ्रेममधली ॲक्रिलिकची काच (कडा सॅंडपेपरने घासून), जाड पारदर्शक डबीचं सपाट झाकण यांतलं काहीही चालेल. साधी काच नको, दाब असमान पडला तर तडकते. न वाकणं महत्त्वाचं: झाकण लवचीक असेल तर मधला भाग जास्त दाबला जातो आणि कडा उमटत नाहीत. मग माणूस आणखी जोर लावतो आणि ठसा आणखी बिघडतो.

ठसा ब्लॉकला चिकटत नसेल तर नवा आणू नका. त्याच्या पाठीवर धूळ आणि कागदाचे तंतू बसलेले असतात. कोमट पाणी, सौम्य साबण, बोटाने चोळणं, हवेवर वाळवणं. चिकटपणा परत येतो, कारण तो पॉलिमरचाच गुण आहे, वर लावलेला गोंद नव्हे.

नव्या पारदर्शक ठशावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि ठसा ठिपकेदार येतो. पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो आणि साच्यातून काढतानाचा थर राहिलेला असतो. पांढऱ्या खोडरबराने अलगद घासा, मग धुऊन दोन-तीनदा रद्दीवर उमटवा. सॅंडपेपर सुचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ओरखडे कायमचे राहतात आणि भरीव भागात ते दिसतात.

कागदाखाली मऊ बैठक द्या. जुनं माउसपॅड सर्वांत चांगलं, त्याची गुळगुळीत बाजू वर. नसेल तर ८-१० वर्तमानपत्रांची घडी. पातळ पारदर्शक ठशांना तिची खरी गरज असते. लाकडी मुठीच्या ठशात रबराखाली फोम आधीच असतो, त्याला बैठक दिली तर कडेचं नको असलेलं रबरही टेकतं आणि ठशाभोवती चौकटीच्या खुणा उमटतात.

ठसा पुन्हा त्याच जागी उमटवायचं यंत्र हवंय ना? सीडीची डबी. आतला चकती धरणारा साचा उचकटून काढा. तळाशी माउसपॅडचा तुकडा किंवा कागदांची चवड भरा, इतकी की झाकण मिटल्यावर ठसा कागदाला जेमतेम टेकेल. कागद एका कोपऱ्यात भिडवून कमी चिकट टेपने धरा. ठसा कागदावर हव्या त्या जागी पालथा ठेवा, झाकण मिटून वरून दाबा, तो झाकणाला चिकटून वर येईल. आता शाई लावा, मिटा, दाबा, उघडा. फिका आला तर पुन्हा शाई, पुन्हा मिटा, तंतोतंत त्याच जागी बसतो. एकाच शब्दांची ४० कार्डं करायची असतील तर यासारखं दुसरं काही नाही. मर्यादा दोन: १२ सेंमीपेक्षा मोठा कागद आत बसवताना आधी मोजून घ्या, आणि बिजागरी सैल झालेली डबी वापरू नका. ती अर्धा मिलिमीटर सरकते आणि दुहेरी रेषा दिसते.

ठसे कमी पडत असतील तर खोडरबरावर कोरा. पांढरं, मऊ, पीव्हीसीचं घ्या, पेन्सिलीच्या टोकाचं गुलाबी नको, ते चुरतं. चित्र मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर काढा, खोडरबरावर पालथं ठेवून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणून अक्षरंसुद्धा कागदावर सरळच लिहायची. उमटवल्यावर ती पुन्हा सरळ येतात. थेट खोडरबरावर लिहायला गेलात तर उलटं लिहावं लागेल आणि 'श' आणि 'झ'पाशी हमखास फजिती होते.

कोरताना पातं रेषेपासून बाहेरच्या अंगाला तिरकं धरा. रेषेचा पाया रुंद आणि माथा अरुंद राहायला हवा, डोंगरासारखा. पातं आतल्या बाजूला कललं तर रेषेखालचं रबर पोखरलं जातं आणि चार-पाच ठशांत ती रेषा तुटून पडते. २ मिमी खोली पुरते. वळणावर हात फिरवू नका, खोडरबर फिरवा.

तयार झालेला ठसा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नका. पीव्हीसी मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि डबीचं प्लॅस्टिक विरघळवून त्याला चिकटतं. कागदात गुंडाळा. नव्या खोडरबराला कागदी पट्टा असतो तो याचसाठी.

त्याहून सोपं हवं असेल तर २ मिमीची फोम शीट कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, भौमितिक आकारांना पुरे. बाटलीचं बूच म्हणजे वर्तुळ, पेन्सिलीच्या टोकाचं रबर म्हणजे ठिपका, पन्हाळी पुठ्ठ्याची वरची त्वचा सोलली की रेघाळी पार्श्वभूमी. यांवर फार बोलण्यासारखं काही नाही, करून पाहा.

---

कात्रणवही

लिफाफ्याचं राहिलं. ए४मधून एक ए६चा लिफाफा होतो आणि तो बिनचूक बसतो, कारण ए४ची लांबी म्हणजे रुंदी गुणिले २ चं वर्गमूळ. म्हणजेच २१० मिमी चौरसाचा कर्ण २९७ मिमी.

ए४मधून २१० × २१० चा चौरस कापा (उरते ८७ × २१० ची पट्टी, ती टाकू नका). चौरस शंकरपाळ्यासारखा तिरका ठेवा. कार्ड आडवं, मधोमध ठेवा. त्याभोवती सगळीकडे ३ मिमी सोडून आयत आखा, तो १११ × १५४ चा होईल. चारही रेषा संपलेल्या पेनाने दाबा. आयताच्या चारही कोपऱ्यांशी, जिथे रेषा एकमेकींना छेदून पुढे जातात, तिथे कागदाचा छोटा त्रिकोण उरतो, तो कापून टाका. तो ठेवला तर घड्या एकमेकींवर चढतात आणि कोपरा फुगतो. आधी डावी-उजवी बाजू आत. त्यांच्या टोकांत साधारण १ सेंमी फट राहते, ती बरोबर आहे. मग खालची बाजू वर आणून दोन्ही कडांना गोंद. तो आतल्या बाजूने कडेपासून ३ मिमीच्या आत राहू द्या, पुढे गेला तर कार्डच लिफाफ्याला चिकटतं.

कागद ८० ते १२० जीएसएमचा. मासिकाची चकचकीत पानं सुंदर दिसतात पण त्यावर पत्ता लिहिता येत नाही, पांढरी चिठ्ठी डकवावी लागते. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा कागद सर्वांत बरा. मात्र फोमचे तुकडे लावून थर उचललेलं कार्ड असेल तर ३ ऐवजी ५ मिमी सोडा.

उरलेल्या ८७ मिमीच्या पट्टीतून लिफाफ्याचं अस्तर, शब्दांच्या पट्ट्या किंवा रंगीत चिठ्ठ्या होतात. मास्किंगलाही तीच वापरा: चिकट चिठ्ठीवर ठसा उमटवायचा, रेषेच्या किंचित आतून कापायचा, कार्डावरच्या त्याच चित्रावर झाकायचा, आणि शेजारचा ठसा त्यावरून दाबायचा. दुसरं फूल पहिल्याच्या मागे गेल्यासारखं दिसतं. रेषेच्या बाहेरून कापलं तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते. पट्टीच्या साध्या कागदाला मागून टेप लावणार असाल तर ती आधी कपड्यावर दोनदा चिकटवून काढा, म्हणजे कार्डाचा कागद उचकटत नाही.

खोडरबर यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. फोटोफ्रेमची ॲक्रिलिक बरेचदा १ मिमीची असते, मोठ्या ठशाला ती वाकते. दोन तुकडे डबल टेपने जोडून घ्यावेत.

---

खोडरबर

मान्य. ५ सेंमीपेक्षा मोठ्या ठशाला दोन थर लागतील. टेप फक्त चार कोपऱ्यांत लावा, मधोमध लावली तर आरपार दिसत नाही.

---

रंगपेटी

कमाल उत्तरं. पोट कापण्याची युक्ती लगेच वापरते. दोन गोष्टी राहिल्या: एम्बॉसिंग, आणि ठसे पुसायला काय? लहान मुलांचे ओले रुमाल वापरावेत असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. शिवाय हेअर ड्रायरने एम्बॉसिंग होतं का?

---

शाईबोटे

हेअर ड्रायरने होत नाही. दोन कारणं: पावडर वितळायला लागते तेवढी उष्णता तो देत नाही, आणि वारा इतका जोराचा असतो की पावडर वितळण्याआधीच उडते.

इस्त्रीने होतं. वाफेचं पाणी काढून टाका, तापमान सर्वांत वर, इस्त्री टाचेवर उभी करा. कागदाची मागची बाजू तव्याकडे करून साधारण १ सेंमीवर धरा, टेकवू नका. बोटांनी नको, चिमट्याने धरा. पावडर मळकट दिसते ती अचानक चकाकते. तो भाग झाला, कागद सरकवा. तसाच धरून ठेवला तर वितळलेली पावडर कागदात मुरते, ठसा सपाट आणि तेलकट दिसतो, कागदही पिवळट होतो. नाजूक अक्षरांवर हे लवकर घडतं.

पावडर धरायला शाई ओली राहायला हवी. डाय इंक फार लवकर वाळते. पिगमेंटचा पॅड नसेल तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात कापसावर घेऊन ठशाला अगदी पातळ लावून पाहा. भरीव, मोठ्या ठशांना जमतं. बारीक रेषांना नाही, ते मिश्रण पसरतं. त्यासाठी पारदर्शक पिगमेंट पॅडच हवा.

भलत्याच जागी चिकटलेले कण म्हणजे स्थिर विजेची आणि बोटांच्या तेलाची करामत. जुन्या मोज्यात दोन चमचे टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर बांधा आणि ठसा उमटवण्याआधी कागदावर थोपटा. तरीही राहिलेले कण कोरड्या बारीक ब्रशने तापवण्याआधी काढा, नंतर ते निघत नाहीत. सांडलेली पावडर घडी घातलेल्या कागदावर गोळा करून बाटलीत परत. एका कार्डाला लागते त्याच्या दहापट पावडर आपण ओततो, तेव्हा हे परत ओतणं म्हणजेच खरी बचत.

---

घडीवाली

पावडरीशिवायचं एम्बॉसिंगही होतं, कोरडं. जाड पुठ्ठ्यातून आकार कापून स्टेन्सिल करा, खिडकीच्या काचेला टेपने चिकटवा, त्यावर कार्डाचा कागद पालथा. बाहेरच्या उजेडात आकार आरपार दिसतो. संपलेल्या बॉलपेनने आतल्या कडेकडेने फिरवा, मधला भाग घासायची गरज नाही. टोक अडखळत असेल तर कागदावर आधी मेणकागद घासा. पण घासलेल्या जागी नंतर शाई धरत नाही, म्हणून फक्त मागच्या बाजूला. १६० ते २०० जीएसएम ठीक. ३०० चा कागद काचेवरून आरपार दिसतही नाही आणि दबतही नाही.

---

खोडरबर

पुसण्याबद्दल. ओल्या रुमालांत बहुधा लोशन असतं. त्याचा थर ठशावर राहिला की पुढची शाई गोळा होते, म्हणजे वर सांगितलेला ठिपक्यांचा त्रास परत. डाय आणि पिगमेंट दोन्हीला पाण्याने ओलं केलेलं जुन्या टीशर्टचं फडकं पुरतं. शाई वाळण्याआधी पुसा. फटींत अडकली असेल तर जुना मऊ टूथब्रश, साबणाचा एक थेंब, गोल न फिरवता एका दिशेने.

लाकडी मुठीचा किंवा फोमवर बसवलेला ठसा नळाखाली धरू नका. पाणी थरांत शिरतं, गोंद सुटतो आणि रबराची कड वर उचलली जाते. स्पिरिटने वारंवार पुसणंही टाळा, रबर कोरडं पडून चिरतं. गंधक घालून तापवलेलं रबर (गुडइयरने त्याचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं) थंडी-उष्णतेला टिकतं, पण तेल, ऊन आणि असल्या द्रावणांशी त्याचं फारसं पटत नाही. सॉल्व्हंट शाईचा खास क्लीनर पारदर्शक पॉलिमरवर मुळीच नको, पॉलिमर फुगून चिकट होतं.

रंगाचा पुसट डाग राहिला तर घाबरू नका, तो पुढच्या ठशात उतरत नाही. पारदर्शक ठसे पिवळे पडतात ते उजेडाने. बंद खणात ठेवा, ज्या शीटवर आले त्याच शीटवर.

---

रंगपेटी

आज पहिली सहा कार्डं केली. इस्त्रीचं जमलं. पण सीडीच्या डबीत ठशाचा वरचा अर्धा भाग गडद आणि बिजागरीकडचा फिका येतोय. ठसा मोठा आहे, ९ सेंमी.

---

खोडरबर

चवड एकसारखी जाड आहे म्हणून. झाकण बिजागरीपाशी आणि समोरच्या कडेला एकाच उंचीवर मिटत नाही. बिजागरीच्या बाजूला साधा कागद ठशाच्या निम्म्या रुंदीएवढा कापून माउसपॅडखाली सरकवा, आधी एक, कमी पडला तर दुसरा. तीनपेक्षा जास्त लागले तर डबीच वाकलेली आहे. आणि दाबताना झाकणाच्या मध्यावर एका बोटाने नव्हे, तळहात सपाट ठेवून बिजागरीकडून पुढे नेत दाबा.